घर दाखवायचंय आणि दार उघडायला कोणी नाही? नंबरवाल्या चावीपेटीचा माझा अनुभव

घर विकायला काढलं की रंग कुठला लावा, फोटो कसे काढा, हे सगळे सांगतात. दार कोण उघडणार, हे कोणी विचारत नाही. मी परिचारिका आहे, ड्यूटी बदलती. एजंटचा फोन यायचा, "ताई, पार्टी इकडेच आलीय, अर्ध्या तासात दाखवू का?" आणि मी वॉर्डात. उद्या या म्हटलं की "हो" म्हणायचे, पण बहुतेक येत नसत. घर शोधणारा माणूस सुट्टीच्या दिवशी एका फेरीत तीन-चार घरं बघतो. त्या फेरीत आपलं दार बंद असलं की त्याचं बोलणं दुसऱ्या घराबद्दल पुढे सरकतं. शेजारच्या काकूंकडे चावी ठेवून पाहिली, पण त्यांनी तरी चावीपायी किती दिवस घरात अडकून बसायचं?

म्हणून ही पेटी घेतली. मुठीत मावेल एवढी, जड धातूची, वर कुलपासारखी कडी. समोर ० ते ९ आकड्यांच्या चार चकत्या. नंबर जुळला की झाकण खाली पडतं आणि आत चावी. दोन-तीन चाव्या आरामात बसतात, मोठा जुडगा मात्र बसत नाही. कडीवर प्लास्टिकचं आवरण आहे, त्यामुळे गेटच्या रंगाला ओरखडे पडले नाहीत. चकत्यांवर पावसापासून बचावाला सरकतं झाकण आहे. सेल नाही, चार्जिंग नाही. मला हे साधेपणच आवडलं.

दुकानात बटणांची पेटीही होती. ती मी मुद्दाम घेतली नाही. चार चकत्यांवर १०,००० नंबर होतात. बटणांच्या बऱ्याच पेट्यांत बटणं कुठल्या क्रमाने दाबली याला महत्त्व नसतं आणि एक बटण एकदाच मोजलं जातं. म्हणजे दहा बटणांवर सगळे मिळून १,०२४ पर्याय, आणि नंबर चारच बटणांचा ठरवला तर फक्त २१०. शिवाय रोज दाबली जाणारी बटणं झिजतात आणि ओळखू येतात.

आता या पेटीतला मोठा दोष. ती बंद केल्यावर चकत्या आपोआप फिरत नाहीत. कोणी चावी आत टाकून झाकण लावलं आणि तसंच निघून गेलं, तर नंबर जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येतो. एकदा कामावरून आले तर नेमकं तेच झालेलं. त्या दिवसापासून "चकत्या फिरवल्या का?" हे मी एजंटला दर वेळी विचारते आणि बंद पेटीचा फोटो मागवते. नंबर बदलणं सोपं आहे: पेटी उघडायची, आतली लहान कळ सरकवायची, नवा नंबर लावायचा, कळ परत जागेवर. मी दर आठवड्याला बदलते. नंबर फक्त एजंटला देते, बघायला येणाऱ्यांना कधीच नाही. जन्मसाल किंवा घराचा क्रमांक तर चुकूनही ठेवू नका.

कोण कधी आत गेलं, याची नोंद ही पेटी ठेवत नाही. ब्लूटूथवाल्या काही पेट्या ती ठेवतात आणि ठरावीक वेळेपुरता नंबरही देतात. एकच एजंट असेल तर माझ्या मते साधी पेटी पुरते. चार-पाच एजंट एकाच घरावर काम करत असतील तर नोंद ठेवणारीच घ्या, कारण काही हरवलं तर विचारायचं कोणाला? घराचा विमा असेल तर त्याच्या अटीही आधी वाचा. कुलूप न तोडता झालेल्या चोरीची भरपाई काही पॉलिसींत मिळत नाही.

मी दागिने आणि कागदपत्रं आधीच घराबाहेर हलवली. औषधांकडे मात्र लोकांचं लक्ष जात नाही. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या बाथरूमच्या कपाटात उघड्या ठेवून परक्या माणसांना घरात सोडू नका, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून कळकळीने सांगते.

रात्रपाळीनंतरची झोप हा प्रश्न पेटीने सुटला नाही. त्यासाठी एजंटशी साधं ठरवलं: एक तास आधी मेसेज, आणि रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत कोणी नाही. बाकी कधीही या. जेवढ्या वेळा बंद ठेवाल तेवढे बघणारे कमी, म्हणून बंदी एवढीच ठेवली.

एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. मालक समोर नसला की लोक मोकळेपणाने बघतात. नळ सोडून पाहतात, कपाटं उघडतात, नवरा-बायको आपसात "इथे पलंग बसेल का" असं बोलतात. एजंट सांगतो, माझ्यासमोर पाच मिनिटांत निघणारे आता बराच वेळ थांबतात. गेल्या आठवड्यात एक कुटुंब दुसऱ्यांदा येऊन गेलं, तेव्हाही मी ड्यूटीवरच होते.

पाचपैकी चार तारे. चकत्या आपोआप फिरल्या असत्या तर पाच दिले असते.