शंभर फुटीवरचे गळती शोधणारे मिस्त्री (सांगली)

"गळती कुठनं हाय ते शोधायचे पाचशे वेगळे. मग काम हितं करा, न्हाईतर कुठंबी करा." गाडी गल्लीत वळवायच्या आधीच मिस्त्रींनी हे सांगितलं आणि तिथंच मला हे गॅरेज पटलं. इतर ठिकाणी बघणं फुकट असतं, आणि त्या फुकटाची वसुली नंतर पार्टमधून होते.

पत्ता असा: सांगलीत शंभर फुटी रस्त्यालगतच्या आतल्या गल्लीत, पत्र्याची शेड आणि समोर खड्डा. पाटी नाही. नाव-नंबर टाकू नका, असं मिस्त्रींनी बजावलंय, कारण आहेत त्याच गाड्या लावायला जागा पुरत नाही. रस्त्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात "गळती शोधणारे मिस्त्री कुठं?" विचारलं की माणूस बाहेर येऊन हात करून दाखवतो.

आमची गाडी डिझेल हॅचबॅक, २०१३ची, लाखाच्या वर चाललेली. मी हिशेब लिहायचं काम करते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांच्या वह्या माझ्याकडं असल्यामुळं तासगाव रोड सतत पायाखाली, म्हणजे चाकाखाली. पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर काळे डाग पडायला लागले आणि सोसायटीच्या चेअरमननी ग्रुपवर फोटो टाकला, तोही गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल असा. डीपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वरच्या खुणेवरून अर्ध्याच्या खाली आलेलं. लहान गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त ऑइल कुठंतरी गेलं होतं.

त्याआधी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली होती. नाव घेत नाही. त्यांनी लिफ्टवर उचलून खालून पाहिलं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं दिसलं, निदान झालं: क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागणार, "उतरवलाच आहे तर क्लच प्लेट पण बदलून टाका मॅडम", अंदाज अठरा हजार. नंतर ओळखीच्या एकानं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, कडेनं सिलिकॉन थापून दिलं. डाग तसेच. तर ही पार्श्वभूमी.

आता मिस्त्री. पन्नाशीचे, बोलणं तुटक, चष्मा दोरीनं गळ्यात. पहिला प्रश्न गाडीचा नव्हताच: "२०१९ च्या पुरात गाडी हुती का?" सांगलीत हा प्रश्न विचारायलाच हवा. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या पुढं पॉलिश होऊन विकल्या गेल्या. बुडालेल्या गाडीत गाळ कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही, मग सील, वायरिंग, बेअरिंग सगळ्यावरच संशय घ्यावा लागतो. आमची गाडी विश्रामबागेत उंचावर होती, कोरडी. पुढचे प्रश्न: ऑइल शेवटचं कधी बदललं, फिल्टर कुणी बसवला, डाग रात्रभर उभी राहून पडतो की चालवून आल्यावर. शेवटच्या प्रश्नाला मी "चालवून आल्यावर, पहिल्या तासात" म्हटलं तेव्हा ते थोडे खूश दिसले.

मग त्यांनी गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला. पडलेला थेंब बोटांत चोळला, वास घेतला. गिअर ऑइल असेल तर घट्ट असतं आणि गंधकाचा उग्र वास येतो. कूलंटला रंग आणि गोडसर वास. ब्रेक ऑइल पातळ आणि बुळबुळीत. आणि उन्हाळ्यात निम्मे लोक एसीचं पाणी बघूनच घाबरून येतात, हे त्यांचंच म्हणणं. आमचं काळंकुट्ट आणि पातळसर, म्हणजे इंजिनचंच.

यानंतर इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. थोडी वाफ आली, झाकण नुसतं ठेवलं तर जागेवर राहिलं. ते उडत असतं, भकाभका धूर येत असता, तर आतला दाब जास्त आहे असं समजायचं. एक तर रिंग-पिस्टन झिजलेत, नाहीतर ब्रीदरचा, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारा, पाइप चोंदलाय. इंजिनचा श्वास कोंडला की दाब मिळेल त्या सीलमधून वाट काढतो, आणि मग नवीन सील टाकलं तरी तेही गळतं. आमचा ब्रीदर पाइप काढून डिझेलनं धुतला, त्यातून काळा चिखल निघाला, पण पूर्ण बंद नव्हता.

मग धुलाई. अल्टरनेटर आणि कनेक्टरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, ब्रश आणि डीग्रीझरनं. प्रेशरचं पाणी इंजिनवर मारायचं नाही, यावर ते ठाम आहेत. आधीच्या माणसानं लावलेलं सिलिकॉन खरवडून काढताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूनंही फुगतं, त्याचा तुकडा सुटून खालच्या ऑइलच्या चेंबरमधल्या जाळीत अडकला की पंपाला ऑइल ओढता येत नाही. गळती परवडली, इंजिन जाम झालेलं नाही.

धुऊन हवा मारून कोरडं केल्यावर त्यांनी एक छोटी बाटली ऑइलमध्ये ओतली. हा डाय, म्हणजे गळती दाखवणारा रंग. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की हिरवट-पिवळा चमकतो. डिझेलचं जुनं काळं ऑइल ही चमक दाबून टाकतं, म्हणून जरा हात सोडून घालावा लागतो म्हणाले. तो पुढच्या ऑइल बदलापर्यंत आत राहिला तरी चालतो. मला सांगितलं, "जा, तुमच्या रोजच्या रस्त्यानं फिरवून आणा. हितं उभी करून चालू ठिवली तर घरच्या माणसासमोर पोरगं शानं बसतंय तसं ती बी शानी बसंल."

तासगावला जाऊन कामं उरकून संध्याकाळी परत आले. शेडचा पडदा ओढून अंधार केला, पिवळा चष्मा मला पण दिला. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर जे दिसलं ते मी मोबाइलवर शूट केलंय. हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, डाव्या टोकाला एक गोल पंप, त्याच्या बुडातून चमकती रेघ निघालेली, ती गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागावरून घसरत खाली, बरोबर त्या जोडापर्यंत, जिथं वर्कशॉपवाल्यांनी सीलचं निदान केलं होतं. टॅपेट कव्हरच्या कडेला थोडीशी चमक होती, ती वेगळी, तिथल्या तिथं थांबलेली.

तो व्हॅक्यूम पंप. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी थ्रॉटलमागं हवेची ओढ तयार होत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) लागणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपानं करावा लागतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत हा पंप कॅमशाफ्टच्या (इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) टोकावर फिरतो आणि इंजिनच्याच ऑइलवर चालतो. हेड आणि पंप यांच्यामध्ये रबराची एक ओ-रिंग. वर्षानुवर्षं तापून ती कडक झाली की इंजिन चालू असताना तिथून ऑइल बाहेर येतं. खाली बरोबर गिअरबॉक्स. ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी चालली की वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळं जिथं जास्त ओलं तिथं दोष असेलच असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, एवढं साधं सूत्र.

पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि माझ्या लेखी पाचशे रुपये इथं वसूल झाले. वरून ऑइल येतंय म्हणजे खालचं सील चांगलंच आहे असं सिद्ध होत नाही. दोन्ही गळत असू शकतात. म्हणून गाडी खड्ड्यावर घेऊन त्यांनी गिअरबॉक्सखालचं छोटं पत्र्याचं झाकण काढलं आणि मोबाइलला जोडलेला बारीक वायरचा कॅमेरा आत घातला. आत क्लचची कोरडी राख. "सील गळत आसतं तर ही राख वली हून चिकाट झाली आसती की." ते फोटोही दिले. अठरा हजारांचं काम एका कोरड्या राखेनं रद्द.

पंपाचं नाव ऐकून मी विचारलं, ब्रेकला काही धोका? त्यांनी इंजिन बंद केलं, ब्रेक पेडल टणक होईस्तोवर दाबायला लावलं, मग पाय तसाच ठेवून स्टार्टर मारायला सांगितला. पेडल जरासं खाली बसलं. तसं बसलं म्हणजे बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. ही रिंग ऑइल अडवायची, व्हॅक्यूमचा तिच्याशी संबंध नाही. ही तपासणी कुणालाही उभ्या गाडीत करता येते, करून बघा.

काम दुसऱ्या दिवशी झालं. ओ-रिंग रस्त्यावरच्याच दुकानातून आणली. तिथं दोन प्रकारच्या मिळत होत्या, मिस्त्रींनी स्वस्तातली साधी नायट्राइलची परत पाठवून व्हायटॉनची मागवली. हेडवरची उष्णता साध्या रबराला फार काळ सोसत नाही. जुनी रिंग माझ्या हातात दिली: एका बाजूनं पूर्ण चपटी, नखाची खूण उमटत नाही, वाकवल्यावर कटकन तुटली. पंप बसवताना नवीन रिंगला बोटानं ऑइल लावलं. सिलिकॉन कुठंही नाही.

बिल: शोधणी ५००, डाय १५०, धुलाई २००, ओ-रिंग १२०, मजुरी ६००, वरून भरलेलं अर्धा लिटर ऑइल २६०. एकूण १,८३०. बेरीज मी तपासली, सवय आहे. बिल हातानं लिहिलेलं, जीएसटी नाही, आणि कुणी नाक मुरडायच्या आधी सांगते: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. कच्च्या कागदावर का होईना, प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेली होती. छापील बिलांत "मिसलेनियस" नावाची जी ओळ असते ती नव्हती.

टॅपेट कव्हरच्या कडेची ती बारीक चमक त्यांनी सोडून दिली. नुसता पाझर आहे, थेंब धरत नाही, पुढच्या ऑइल बदलाला पॅकिंग टाकू. मी "आत्ताच करून टाका" म्हणत होते तरी केलं नाही. गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये घालू का, असंही विचारलं होतं. त्यावर उत्तर असं की ते रबर मऊ करून फुगवतं, थोडे दिवस चालतं, पण तुटायला आलेल्या रिंगला त्याचा उपयोग नाही.

आठवड्यानं दाखवायला नेली तेव्हा परत टॉर्च मारून पाहिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. पंपाखाली कोरडं. डीपस्टिक जागेवर. चेअरमननी ग्रुपवर काही लिहिलेलं नाही, डाग मात्र पेव्हर ब्लॉकमध्ये मुरलेत आणि ते घासायचे कुणी यावर चर्चा चालू आहे.

पाचपैकी चार. एक तारा कापला त्याची कारणं खरी आहेत. फोन उचलत नाहीत. बसायला एक खुर्ची, तीही बहुतेक वेळा बॅटरीनं अडवलेली. बाईमाणसाला दिवसभर थांबायला सोय शून्य, टॉयलेटसाठी मला पेट्रोल पंपावर जावं लागलं. पावसात गल्लीत घोट्याएवढा चिखल. आणि घाईचं काम इथं नको. धुणं, वाळवणं, फिरवून आणणं यात पूर्ण दिवस जातोच, "तासाभरात बघून द्या" म्हटलं तर सरळ दुसरीकडं पाठवतात.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत गाडी लावा, नंतर खड्डा मोकळा मिळत नाही. आधी कुणी काही लावलं असेल, औषध घातलं असेल तर सांगा, विचारल्याशिवाय राहत नाहीत. पैसे रोख किंवा यूपीआय. आणि कालनिर्णय बघून निघा, अमावास्येला शेड बंद असते.