एमजीबीचा पत्रा : मागवायचा, भंगारात शोधायचा की उद्यमबागेत वाकवून घ्यायचा?

बेळगावात कुणी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघडून बसलं की पहिला सल्ला येतो, ‘अँबॅसिडरचं सामान बघा’. इंजिनापुरतं त्यात तथ्य आहे. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातली, अँबॅसिडरचं १४८९ सीसी आणि एमजीबीचं १७९८. सात इंची हेडलाइटही जुळतो. पत्र्याच्या बाबतीत मात्र हे नातं कामाचं नाही. १९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे ‘ओरिजिनल कुठं मिळेल’ असं सरसकट विचारत बसण्यापेक्षा एकेका पत्र्याचा निर्णय वेगळा घ्यावा.

पुढच्या मडगार्डापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच चुकीच्या जागी जातात. हे मडगार्ड बोल्टवर बसतं आणि त्याला दोन्ही दिशांनी गोलाई आहे. हाताने ठोकून ते तंतोतंत करणारा टिंकरिंगवाला मिळणं कठीण, मिळालाच तर त्याच्या मजुरीत परदेशी मडगार्ड येईल. मग राहतात तीन वाटा. जुन्या काळचा न वापरलेला कारखान्याचा माल, ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीचा नवा पत्रा आणि स्वस्त नक्कल. हेरिटेज बऱ्याच अंशी मूळ डायवरच (साच्यांवरच) पत्रे काढते, १९८८ पासून तर आख्खी बॉडीही देते. बसवायच्या दृष्टीने जुना माल आणि हेरिटेज यांत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. स्पर्धेत गाडी मांडायची नसेल तर जुन्या मालासाठी जादा पैसे मोजू नयेत. शिवाय त्याचा काळा प्रायमर फक्त वाहतुकीपुरता असतो. पन्नास वर्षांत त्याच्याखाली गंज धरलेला असू शकतो. विक्रेत्याकडून हेडलाइटच्या खोबणीचा आणि मागच्या खालच्या कोपऱ्याचा आतून काढलेला फोटो मागवा. नकलेत हमखास बिघडतात त्या दोन गोष्टी : बोल्टची भोकं सरकलेली आणि दाराकडची कड सरळ नाही. ती फट सारखी करायला मग लांबी (पुट्टी) भरली जाते, आणि वर्षभरात तिथंच चीर पडते.

ऑर्डर देण्याआधी चासी नंबर, साल आणि रोडस्टर (उघड्या टपाची) की जीटी (पक्क्या टपाची) हे तिन्ही कळवा. सप्टेंबर १९७४ पासून गाडीला रबरी बंपर आला आणि पुढचा इंडिकेटर बंपरमध्ये गेला, त्यामुळे त्या मडगार्डाला इंडिकेटरचं भोकच नाही.

आता भाडं. मडगार्डाचं वजन दहा किलोच्या आत, पण विमानाचं कुरिअर खोक्याच्या आकारावर पैसे घेतं. १५० × ७५ × ४० सेंटिमीटरच्या खोक्याला ५००० ने भागलं की ९० किलो येतात, आणि बिल ९० किलोचं! कस्टम ड्यूटी माल, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर बसते, म्हणजे महाग भाड्यावर पुन्हा कर. त्यापेक्षा दोन्ही मडगार्ड, दोन्ही दारांखालची बाहेरची सिल आणि हवं तर बॉनेट एकाच क्रेटमध्ये जहाजाने न्हावा शेवाला उतरवून तिथून ट्रकने आणणं परवडतं. वेळ लागतो, पण गाडी तोवर तशीही स्टँडवरच असते. इंग्लंडमधलं वापरलेलं मडगार्ड स्वस्त दिसलं तरी मोहात पडू नका. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला परवाना लागतो.

सिलचं गणित उलटं. दाराखाली बदलायचे मुख्य थर हे : बाहेरचं सिल, मधला उभा पत्रा आणि खालची पन्हाळीसारखी पट्टी. मधला पत्रा आणि पट्टी म्हणजे सरळ घड्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) अशी कामं रोज होतात. जुना तुकडा कापून नमुना द्या, जाडी मायक्रोमीटरने गंज नसलेल्या जागी मोजा आणि सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्राच वापरायला सांगा. हे दोन थर परदेशातून आणण्यात अर्थ नाही. बाहेरच्या सिलची गोलाई मात्र विकतच घ्यावी.

इथं एक स्वस्त ऑफर नक्की येईल : ‘दाराखालचं दिसतंय तेवढं बदलून देतो.’ ती नाकारा. सिल पुढे मडगार्डाच्या मागे आणि मागे मागच्या पत्र्याच्या आत जातं. दिसणाऱ्या भागावर नवा पत्रा चढवला की आतला गंज तसाच राहतो आणि गाडी मधोमध वाकते. कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप तात्पुरता वेल्ड करा, गाडीचं वजन चाकांच्या जागी पेलून धरा आणि एका वेळी एकच बाजू घ्या. पक्कं वेल्डिंग करण्याआधी दार लावून फट बघा. नंतर ती सुधारत नाही.

मागची मडगार्डं वेल्ड केलेली असतात. ती शक्यतो काढूच नयेत. चाकापुढचा खालचा भाग कुजतो तेवढाच तुकडा घालावा. तो हाताने करायचा तर डीप ड्रॉइंगच्या प्रतीचा, डीडी किंवा ईडीडी पत्रा मागा, साधा पत्रा वळणावर फाटतो. सलग वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा लाटांसारखा उठतो. एक-दीड सेंटिमीटरचा टाका घालून, दूर जाऊन, थंड होऊ देत परत यायचं.

भंगाराचा बाजार पत्र्यासाठी निरुपयोगी आहे, कारण या गाड्या इथं आल्याच मोजक्या. कुर्ला, बंगळूरचा जेसी रोड किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार फिरायचा तो ल्युकास या ब्रिटिश कंपनीचे दिवे, काचा, क्रोमच्या पट्ट्या यांसाठी. चुंबक खिशात ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं, ते चुंबकाला चिकटत नाही. असं सापडलं तर सोडू नका.

आख्खी नवी बॉडी घ्यायचा विचार असेल तर आधी कागद बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यात बसत नाही. सुटे पत्रे बदलणाऱ्याने जुन्या पत्र्यांचे, कापण्याआधीचे आणि वेल्डिंगनंतरचे फोटो तारखेसह ठेवावेत.

वेल्डिंग झाल्यावर उघड्या पत्र्यावर करड्या सरफेसरचा (रंगाखालच्या अस्तराचा) हात मारून गाडी पावसाळ्यात ठेवू नका. सरफेसर ओल शोषतो, आणि बेळगावच्या जुलैत त्याखाली आठवड्याभरात तांबूस ठिपके उठतात. आधी इपॉक्सी प्रायमर, सिलच्या पोकळीत मेण, आणि रंग दसऱ्यानंतर.