२२ कॅरेट की १८ कॅरेट?

पाटल्या, गोठ, मोहनमाळ असा ठेवणीतला ऐवज करायचा असेल तर २२ कॅरेटच घ्यावे. १० ग्रॅमच्या पाटलीत सुमारे ९.१६ ग्रॅम शुद्ध सोने येते, तर १८ कॅरेटमध्ये तेवढ्याच वजनाला ७.५ ग्रॅम. हिऱ्याच्या अंगठीसाठी मात्र २२ कॅरेटचा हट्ट धरू नये, कारण खडा धरून ठेवणारे मऊ सोन्याचे बारीक काटे पदराच्या धाग्यात अडकून वाकतात आणि एके दिवशी नुसते रिकामे कोंदणच हाती उरते. इतर धातूंचे प्रमाण जास्त असल्याने १८ कॅरेटची पकड टिकते. मोडीत भाव शुद्धतेप्रमाणे मिळतो, घडणावळ मात्र दोन्हीकडे बुडते. भिंगातून ‘९१६’ किंवा ‘७५०’ हा शुद्धतेचा ठसा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहूनच पक्की पावती घ्यावी.