एकाच कॅबिनेटात दोन निराळे स्पीकर: आठ महिन्यांच्या रेकॉर्डिंगनंतर

माझ्या घरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले आठ महिने गिटारच्या आवाजासाठी बंद पाठीचे एक कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेली पेटी, रोज वापरात आहे. त्यात दोन 12 इंची स्पीकर आहेत: एक सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज 30 आणि दुसरा त्याच कंपनीचा जी12एम ग्रीनबॅक. त्याआधी याच कॅबिनेटात दोन्ही व्हिंटेज 30 होते. त्यांचा आवाज लीड गिटारसाठी, म्हणजे पुढे येऊन वाजणाऱ्या सुरावटीसाठी, मला अजूनही आवडतो, कारण ढोलताशासारख्या दणदणीत साथीतूनही तो वर उठून ऐकू येतो. परंतु एकाच गाण्यात ऱ्हिदम गिटारचे, म्हणजे साथीच्या गिटारचे, चार ट्रॅक एकावर एक ठेवले, की 2 किलोहर्ट्झच्या वरचा त्याचा फुगवटा प्रत्येक ट्रॅकवर त्याच जागी येतो आणि गायकाच्या आवाजाला जागाच उरत नाही. इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे ठरावीक पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाने, तो भाग कापून पाहिला, पण त्यामुळे गिटार मऊ होण्याऐवजी निस्तेज होत असे. म्हणून एक स्पीकर बदलण्याचे ठरवले.

बदलण्यापूर्वी थोडे गणित करावे लागले. नावात 30 असला तरी व्हिंटेज 30 हा 60 वॉटचा स्पीकर आहे, तर ग्रीनबॅक 25 वॉटचा. या दोन आकड्यांची बेरीज करून कॅबिनेट 85 वॉटचे झाले असे समजणे चुकीचे आहे. दोन्हींचा रोध सारखा असल्यास शक्ती निम्मी-निम्मी वाटली जाते, त्यामुळे दुबळ्या स्पीकरची दुप्पट, म्हणजे 50 वॉट, हीच खरी मर्यादा. माझा ट्यूब अ‍ॅम्प 20 वॉटचा असल्याने अडचण आली नाही. दोन्ही स्पीकर 16 ओहमचे घेतले आणि समांतर जोडले, म्हणजे अ‍ॅम्पला 8 ओहम मिळतात. एक 8 आणि एक 16 ओहमचा स्पीकर समांतर जोडला असता, तर 8 ओहमवाल्याने दोन तृतीयांश शक्ती ओढली असती आणि मिश्रणाचा तोल पहिल्याच दिवशी बिघडला असता.

बसवण्याचे आणि जोडणीचे काम मी एका दुकानात करून घेतले, आणि पहिले तीन आठवडे त्यापायी वाया गेले. दोन्ही स्पीकरांसमोर एकेक माईक ठेवून केलेले ट्रॅक वेगवेगळे ऐकताना उत्तम वाटत, पण एकत्र केले की खर्ज नाहीसा होई आणि गिटार पत्र्याच्या डब्यातून वाजल्यासारखी ऐकू येई. सुरुवातीला मला माईकच्या केबलचा संशय आला. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी (धन-ऋण दिशा) उलटी केली, तेव्हा खर्ज परत आला आणि प्रश्न सुटला असे वाटले. मात्र दीड मीटरवर ठेवलेल्या तिसऱ्या माईकचा ट्रॅक तरीही पोकळच राहिला. दोष माईकच्या साखळीत असता, तर तो तिसरा ट्रॅक भरदार यायला हवा होता. म्हणजे दोष कॅबिनेटाच्या आत होता. मग 1.5 व्होल्टचा साधा सेल घेऊन प्रत्येक स्पीकरच्या लाल टर्मिनलला त्याचे धन टोक क्षणभर टेकवले. दोन्ही स्पीकरांचे कागदी कोन पुढे सरकले, म्हणजे स्पीकर निर्दोष होते. तेच मी कॅबिनेटाच्या जॅकवर, म्हणजे अ‍ॅम्पची केबल लावण्याच्या खोबणीत, करून पाहिले, तेव्हा एक कोन पुढे आला आणि दुसरा मागे गेला. ग्रीनबॅकच्या तारा उलट्या जोडलेल्या होत्या. अदलाबदल करायला पाच मिनिटे लागली. ज्यांच्या कॅबिनेटात निराळे स्पीकर आहेत त्यांनी रेकॉर्डिंगचा पहिला सूर घेण्याआधी ही सेलची परीक्षा करावी, असे मी कळकळीने सांगेन. जेबीएल कंपनीचे जुने स्पीकर वापरणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावे, कारण त्या स्पीकरांत लाल टर्मिनलला धन विद्युत दिल्यावर कोन आत जातो.

या आठ महिन्यांत सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते माईकच्या बाबतीत. खोलीत उभे राहून ऐकताना दोन स्पीकरांचे मिश्रण कानाला मिळते, पण कॅबिनेटाच्या पुढच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवलेला एकच माईक जवळजवळ फक्त समोरचाच स्पीकर ऐकतो. त्यामुळे एकाच माईकवर काम करणाऱ्याला मिश्र कॅबिनेटातून मिश्र आवाज मिळत नाही. त्याला मिळते ती एकाच बैठकीत दोन आवाजांतून एक निवडण्याची सोय. खरे मिश्रण हवे असेल तर दोन माईक लागतातच. तुलना प्रामाणिक राहावी म्हणून मी दोन्हीकडे शुअर एसएम57 हाच माईक ठेवतो आणि दोन्ही माईक धूळटोपीच्या, म्हणजे कोनाच्या मधोमध असलेल्या टोपीच्या, कडेवर रोखतो.

मात्र दोन माईक आले की अंतराचा प्रश्न येतो. एक माईक दुसऱ्यापेक्षा 3.4 सेंटिमीटर मागे राहिला, तर आवाज त्याच्याकडे एक दशांश मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि दोन्ही ट्रॅक मिसळल्यावर 5 किलोहर्ट्झच्या ठिकाणी खड्डा पडतो. तारेची धार नेमकी तिथेच असते. मी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आहे आणि तो जाळीला टेकवूनच दोन्ही माईक लावतो. उरलेला फरक सॉफ्टवेअरमध्ये सरकवून भरतो. सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने घेणाऱ्या 48 किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये एक नमुना म्हणजे आवाजाने कापलेले सुमारे 7 मिलिमीटर अंतर, त्यामुळे एक-दोन नमुन्यांची हालचालही कानाला जाणवते. तरीही आकडे जुळले म्हणजे आवाज जुळला असे नव्हे. या दोन स्पीकरांची घडणच वेगळी आहे, म्हणून शेवटचा निर्णय मी डोळे मिटून ऐकूनच घेतो.

प्रत्यक्ष आवाजाविषयी सांगायचे तर ग्रीनबॅक एकटा थोडा धूसर वाटतो, पण त्याच्या मधल्या पट्टीत एक लाकडी ऊब आहे. कुरकुरीत ओव्हरड्राइव्हच्या (किंचित फाटलेल्या आवाजाच्या) ऱ्हिदमला मी ग्रीनबॅक सुमारे दोन भाग आणि व्हिंटेज 30 एक भाग ठेवतो. लीडला हेच प्रमाण उलटे. स्वच्छ आवाजातल्या आर्पेजिओसाठी (कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवण्यासाठी) मात्र मिश्रणापेक्षा एकटा ग्रीनबॅक मला अधिक सच्चा वाटला. त्या ठिकाणी दुसरा ट्रॅक मी बंदच ठेवतो.

संवेदनशीलता, म्हणजे सारख्याच शक्तीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, व्हिंटेज 30 ची 100 डेसिबल आणि ग्रीनबॅकची 98 डेसिबल आहे. रेकॉर्डिंगमध्ये फेडर (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) हलवला की हा फरक संपतो, पण तालमीच्या खोलीत ग्रीनबॅक दबून जातो. प्रत्यक्ष वादनासाठी हाच संच घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

ही जोडी जमवण्याचे धाडस मला मॅचलेस कंपनीच्या डीसी-30 या अ‍ॅम्पमुळे झाले. त्या अ‍ॅम्पमध्ये सेलेस्टियनचेच एक जी12एम आणि एक जी12एच असे दोन निराळे स्पीकर शेजारी बसवलेले असतात. जी12एच 30 वॉटचा, 100 डेसिबलचा आणि जड चुंबकाचा आहे. माझ्या कॅबिनेटातला व्हिंटेज 30 काढून त्या जागी जी12एच बसवून पाहण्याची इच्छा आहे. मर्यादा मात्र तेव्हाही ग्रीनबॅकमुळे 50 वॉटचीच राहील, त्यामुळे नेमका त्या मर्यादेला टेकणारा सहवादकाचा 50 वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण आवाजावर मी या कॅबिनेटाला तेव्हाही लावणार नाही.