जादा फॅन कुठे जोडायचे: स्प्लिटर, हब की सॉफ्टवेअरवाला कंट्रोलर?

कॅबिनेटमध्ये पुढे तीन, वर दोन, मागे एक अशी फॅनची जागा बघून आपण खूष होतो. बजेटातल्या मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराच्या मदरबोर्डावर मात्र सीपीयूचा धरून दोन-तीनच हेडर, म्हणजे फॅन जोडायच्या पिना असतात. उरलेल्या फॅनचं काय, असं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात विचारलं की काउंटरवर तीन वस्तू येतात: वाय-केबल म्हणजे स्प्लिटर, सॅटातून (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या वायरीतून) पॉवर घेणारा पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनवरच्या इशाऱ्याने फॅनचा वेग ठरवणारा) हब, आणि यूएसबीवर चालणारा सॉफ्टवेअरवाला कंट्रोलर. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारं रिमोटचं खोकं मी यात धरत नाही. त्यावरचे फॅन बहुतेक वेळा बोर्डाला दिसतच नाहीत, आणि गेम चालू झाला म्हणून रिमोट शोधत बसणं हे काही कंट्रोल नव्हे.

बाकी तिन्ही मी घरच्या मशीनवर वापरले आहेत.

स्प्लिटरला उगाच नावं ठेवली जातात. बोर्डाचा साधा हेडर बहुधा 1 अँपिअरचा असतो, म्हणजे 12 वॉट. साधा 120 मिमी फॅन 0.1 ते 0.3 अँपिअर खातो. फॅनच्या मधल्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो. दोन फॅन आरामात बसतात, आकडे कमी असतील तर तीनही. स्प्लिटरला स्प्लिटर जोडत मात्र जाऊ नका. आणखी एक, स्पीड सांगणारी वायर एकाच फॅनची बोर्डापर्यंत जाते. दुसरा फॅन धूळ खाऊन बंद पडला तरी बायोसला, म्हणजे बोर्डातल्याच मूळ प्रोग्रॅमला, पत्ता लागत नाही. समोर इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू असेल तर अधूनमधून टॉर्च मारून बघितलेलं बरं.

हबमध्ये बोर्डाकडून फक्त इशारा येतो आणि 12 व्होल्ट थेट एसएमपीएसच्या सॅटा वायरीतून. त्या कनेक्टरची 12 व्होल्टवरची क्षमता 4.5 अँपिअर, त्यामुळे घरगुती मशीनला फॅनची संख्या हा प्रश्नच उरत नाही. अडचण तीन पिनांच्या फॅनची. बहुतेक हब व्होल्टेज कमी-जास्त करत नाहीत, म्हणून तो फॅन कायम फुल स्पीडने पळतो. जुना तीन पिनी असेल तर त्याला बोर्डाचा हेडर द्या आणि तो हेडर बायोसमध्ये डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेजने वेग ठरवणाऱ्या मोडवर टाका. सॅटाचं टोक मोकळं नाही म्हणून मोलेक्सवरून (जुन्या चार पिनी पॉवर कनेक्टरवरून) सॅटा करणारी, प्लास्टिकमध्ये ओतलेली स्वस्त पिन लावू नका. त्या जळण्यासाठीच प्रसिद्ध आहेत.

कंट्रोलर कागदावर सगळ्यात पुढे. प्रत्येक फॅन वेगळा फिरवता येतो, प्रत्येकाचा आरपीएम दिसतो, ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर फॅन बांधता येतात. लिक्विड कूलर असेल तर काही कंट्रोलर पाण्याचं तापमानही वाचतात, आणि ही सोय खरंच चांगली आहे.

पण आमच्याकडे कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे, आणि हातभर अंतरावर बाबांचा दिवाण. मी घेतलेल्या कंट्रोलरची अक्कल त्याच्या अॅपमध्ये होती, आणि अॅप विंडोजच्या मागून उठायचं. मशीन स्लीपमधून जागं केलं की अॅपला आठवण येईपर्यंत सगळे फॅन फुल. कधीकधी आठवण यायचीच नाही. अॅप बंद करून पुन्हा लावावं लागायचं. पहाटे काम करायला बसलो की बाबा झोपेतच विचारायचे, ‘‘आज पंप एवढ्या लवकर लावला?’’ अपडेटनंतर माझी सेटिंग्ज पुसली गेली तेव्हा तर मी वैतागलोच. लिनक्समध्ये कंपनीचं अॅपच नाही. लिक्विडसीटीएल नावाचं मोफत साधन काही मॉडेल चालवतं, पण घेण्याआधी त्याची यादी बघावी लागते. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. सगळेच कंट्रोलर असे नसतील. मला मात्र बटण दाबल्या क्षणापासून शहाण्यासारखे वागणारे फॅन हवे होते, आणि ते बायोसकडूनच मिळाले.

बायोसची एक उणीव खरी आहे: ग्राफिक्स कार्ड किती तापलंय हे त्याला सहसा दिसत नाही. गेममध्ये कार्ड भाजतंय आणि पुढचे फॅन निवांत, असं होतं. त्यासाठी विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचं मोफत अॅप आहे. ते बहुतेक बोर्डांचे हेडर चालवतं, म्हणजे त्यावरचा हबही. हेही सॉफ्टवेअरच की, असं म्हणाल. पण ते सुरू होईपर्यंत बायोसचा कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग हे ठरवणारा आलेख, गाडी सांभाळतो, आवाज न करता.

कर्व्ह मात्र नेटवरून उचलू नका. तिकडच्या लोकांच्या खोल्या 20-22 अंशांवर असतात. मे महिन्यात आपल्या बिनएसी हॉलमध्ये रात्रीही 30 च्या आसपास असतं. त्यांच्या कर्व्हवर आपले फॅन कधी शांत बसतच नाहीत. वेग वाढायला सुरुवात कुठून होते तो ठिपका थोडा उजवीकडे सरकवा, कॅबिनेटचे फॅन सीपीयूऐवजी बोर्डाच्या तापमानावर बांधा, आणि वेग वाढण्या-उतरण्यातला वेळ लांबवा. ब्राउझर उघडला की होणारी घरघर यानेच थांबते.

दोनच फॅन वाढवायचे असतील तर स्प्लिटर घ्या, हबचे पैसे वाचतील. लिक्विड कूलर आणि दिव्यांची हौस असेल तर कंट्रोलरला पर्याय कमी आहेत. तीन-चार फॅनच्या पुढे गेलात तर मी हबच म्हणेन. सीपीयूचा फॅन त्याच्या स्वतःच्या हेडरवर राहू द्या, हब कॅबिनेट फॅनच्या हेडरवर लावा, आणि हबवर खूण केलेल्या पोर्टला एक फॅन हवाच, नाहीतर बोर्डाला स्पीड शून्य दिसतो. दुकानात हब उलटा करून सॅटाची वायर आहे का तेवढं बघा. ती नसेल तर तुम्ही जास्त तोंडांचा स्प्लिटरच विकत घेताय.