‘फिटच्या गोळ्या कायमच्या बंद’ म्हणणाऱ्या पावडरवाल्यांपासून सावध राहा

घरातल्या कर्त्या माणसाला नव्यानंच फिटचा आजार निघालाय आणि मोबाईलवर ‘फिट मुळापासून बंद, गोळ्या कायमच्या बंद’ अशी जाहिरात सारखी दिसतेय, असं असेल तर पैसे पाठवण्याआधी हे पूर्ण वाचा. आमचे २४ हजार रुपये गेले. माणूसही जायची वेळ आली होती.

माझ्या मिस्टरांना पहिली फिट आली ती चौतिसाव्या वर्षी, झोपेत. दुसरी कामावर, कुपवाड एमआयडीसीत. ईईजी, एमआरआय झालं, न्यूरोलॉजिस्टनी लेव्हेटिरासिटामच्या गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबल्या. पण हे आतून मिटत गेले. मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं. सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं, पण ओव्हरटाईम गेला आणि हाताखालची पोरं कुजबुजायला लागली. गाडीची चावी सासऱ्यांनी काढून घेतली. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, बाहेर कुणीतरी उभं राहायचं. शेजारच्या आजी येता-जाता सांगायच्या, खिशात कांदा ठेवा. झोपेत पुन्हा येईल या भीतीनं हे रात्ररात्र जागायचे. जागरणानं फिट येऊ शकते हे कळत होतं, तरी डोळा लागायचा नाही. लेकीवर कशावरूनही ओरडायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायचे.

ओपीडीत ही गर्दी. ‘फिट आली का?’ ‘नाही.’ ‘गोळ्या चालू ठेवा.’ झालं. मन कसं आहे, हे कुणी विचारलंच नाही. ते पहिल्यांदा विचारलं या पावडरवाल्यांनी, आणि तिथंच त्यांचं फावलं.

जाहिरातीखाली नंबर टाकला की लगेच फोन येतो. बाई मराठीच, बोलणं मायेचं. ‘ताई, दादा एकटे बसतात का? चिडतात का? जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतात का?’ एकेक प्रश्न वर्मावर लागत होता. मग ती ‘समुपदेशक’ म्हणून ह्यांच्याशी तासभर बोलली. कित्येक दिवसांनी हे कुणाशी तरी मोकळं बोलत होते, ते बघून मला बरंच वाटलं. ती म्हणाली, ‘दादा, चिडचिड तुमची नाही, त्या इंग्रजी गोळीची आहे.’

यात अर्धं खरं आहे. लेव्हेटिरासिटामनं काही जणांची चिडचिड आणि उदासी वाढते. तसं झालं तर डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात. शिवाय फिटच्या रुग्णांत नैराश्य आणि भीतीचा त्रास एरवीपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिचं पुढचं खोटंही पटलं: गोळ्या हळूहळू सोडा, तीन महिन्यांचा आयुर्वेदिक कोर्स घ्या, समुपदेशन फुकट. पैसे यूपीआयनं, कुठल्यातरी माणसाच्या खासगी खात्यावर. बिल नाही.

पार्सलमध्ये प्लास्टिकच्या तीन डब्या होत्या. झाकणांवर पेनानं ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’. घटकांची यादी, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, तारीख यातलं काहीही नाही. पावडर सुरू झाली आणि ह्यांना गाढ झोप लागायला लागली. आम्हाला वाटलं, गुण आला. मग दिवसाही गुंगी, जीभ जड, चालताना तोल जायचा आणि उदासी दुप्पट. एकदा फोनवर हे म्हणाले, ‘मॅडम, संपवून टाकावंसं वाटतं.’ मी शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, ‘मग दादा, तीन महिन्यांनी भागणार नाही, सहा महिन्यांचा घ्या.’

पुढचे पैसे द्यायला आम्ही का-कू केली तसं पार्सल थांबलं. डबीतली पावडर संपली आणि फिटवर फिट सुरू झाल्या, मध्ये शुद्धच येईना. आयसीयूत न्यायला लागलं. मी डब्या पिशवीत घालून नेल्या होत्या. त्या बघून डॉक्टरांनी रक्ताची तपासणी केली आणि त्यात फेनोबार्बिटोन निघालं. ही फिटची फार जुनी आणि स्वस्तातली गोळी. डॉक्टरांच्या देखरेखीत ती आजही देतात, पण तिनं गुंगी येते, नैराश्य वाढू शकतं, आणि ती एकदम थांबली तर जोरात फिट येतात. धंदा चालतो तो इथं. पावडर थांबली की फिट येते, माणूस घाबरून पुन्हा त्यांच्याकडेच पळतो. आयुर्वेदावर माझा राग नाही. त्या डबीत आयुर्वेद नव्हताच.

मी पैसे परत मागितल्यावर मायेचा आवाज पालटला. ‘दादा काय काय बोललेत त्याचं रेकॉर्डिंग आहे, कंपनीला पाठवू का?’ बायको सोडून जाईल ही भीती ह्यांनी तिच्यापाशी बोलून दाखवली होती. तिनं ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं की फिट असेल तर बायकोला कोर्टातून सहज घटस्फोट मिळतो. हे धादांत खोटं आहे. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९ सालीच काढून टाकलाय. आजारी माणसाच्या मनातली सगळ्यात दुखरी गोष्ट काढून घ्यायची आणि तिच्यावरच वसुली करायची, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही, ही क्रूरता आहे.

तक्रार सायबर पोलिसांकडे केली, अन्न व औषध प्रशासनाकडेही केली. पैसे ऑनलाईन गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, उशीर झाला की खात्यातून रक्कम पुढे सरकते. फिट बरी करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं बंदी आहे, हे तक्रारीत लिहा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, पार्सलचं पाकीट आणि उरलेली पावडर जपून ठेवा.

आता ह्यांची गोळी बदललीय आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही जातो. न्यूरोलॉजिस्टनीच चिठ्ठी दिली, पण मी तोंड उघडून मागितली तेव्हा. तुम्हीही मागा. फिट आली नाही एवढंच सांगून ओपीडीतून उठू नका. झोप, चिडचिड, रडणं, मरणाचे विचार सगळं सांगा. संकोच वाटत असेल तर घरच्यांनी कागदावर लिहून द्या. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार जोरात येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका, थेट दवाखान्यात न्या.

आणि अशी डबी आज तुमच्या घरात चालू असेल तर हे वाचून रागानं ती फेकून देऊ नका, एकदम बंदही करू नका. डबी घेऊन उद्याच न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि काय, किती, कधीपासून घेतलं ते सगळं सांगा. ती कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील.