जुन्या दाव्याची नक्कल: संकेतस्थळ, वकील, माहिती अधिकार की स्वतःचा अर्ज?

घरातला एखादा वाटपाचा दावा पूर्वीच निकाली निघालेला असतो आणि आता फेरफारासाठी, बँकेच्या कर्जासाठी किंवा मिळकत विकण्यापूर्वी त्याचे कागद पुन्हा लागतात. अशा वेळी ते कोठून आणि कोणत्या मार्गाने मिळवावेत, हा प्रश्न अनेकांपुढे येतो. न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोध घेणे, वकिलांमार्फत सही-शिक्क्याची नक्कल काढणे, माहितीच्या अधिकारात अर्ज करणे आणि न्यायालयाच्या नक्कल विभागात स्वतः अर्ज देणे हे चार मार्ग डोळ्यांसमोर येतात. आमच्या कुटुंबातील दाव्याचे कागद मिळवताना मला ही निवड करावी लागली. माझा अनुभव एका तालुका न्यायालयापुरता आहे आणि प्रत्येक ठिकाणची रीत थोडी निराळी असते, हे ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

सुरुवात संकेतस्थळापासून करावी, याविषयी फारसे दुमत होऊ नये. पक्षकाराचे नाव, दाव्याचा क्रमांक व वर्ष, वकिलांचे नाव किंवा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) यांपैकी काहीही हाताशी असले तर प्रकरण शोधता येते. नावावरून शोधताना ‘निकाली’ किंवा ‘दोन्ही’ हा पर्याय निवडण्याचे मात्र विसरू नये, कारण केवळ प्रलंबित प्रकरणांच्या यादीत जुना दावा दिसणार नाही. नाव रोमन लिपीत टाकावयाचे असल्यास गायकवाड, जाधव, पवार अशी आडनावे नोंदणाऱ्याने कोणत्या स्पेलिंगने घेतली असतील याचा अंदाज घेत दोन-तीन प्रकारे शोधावे लागते. विदर्भातील ‘जाधव’ आणि साताऱ्याकडील ‘जाधव’ यांच्या रोमन लेखनात फरक असतो, हे ज्यांनी शाळेचे दाखले पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेलच. प्रकरण सापडले की तारखांचा इतिहास, त्या त्या दिवशीचे कामकाज, आणि अपलोड केलेले असतील तर आदेश व न्यायनिर्णय विनामूल्य वाचता येतात. ही सोय मोठी आहे आणि ज्याला केवळ ‘दाव्याचे काय झाले’ एवढेच जाणून घ्यावयाचे आहे, त्याने पुढे जाण्याचे कारण नाही.

या मार्गाच्या दोन मर्यादा मात्र समजून घ्याव्यात. संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेले प्रकरण तेथे सापडेलच अशी खात्री नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि त्यात जुन्या अभिलेखांच्या स्कॅनिंगसाठी मोठा वाटा ठेवला आहे. त्यामुळे आज न सापडणारे प्रकरण पुढे सापडू शकेल, परंतु ज्याला फेरफार आत्ता हवा आहे त्याला तोवर थांबणे परवडत नाही. दुसरी मर्यादा अशी की संकेतस्थळावर न्यायालयाने दिलेले आदेश मिळतात, पक्षकारांनी दाखल केलेले कागद मिळत नाहीत. ही गोष्ट प्रथमदर्शनी किरकोळ वाटते, पण माझी निवड शेवटी तिच्यावरच ठरली.

आमचा दावा तडजोडीने मिटला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे पक्षकारांनी तडजोड पुरशिस, म्हणजे तडजोडीचे लेखी निवेदन, दाखल केली, न्यायालयाने ती नोंदवून घेतली आणि हुकूमनामा (डिक्री) झाला. अशा प्रकरणात न्यायालयाचा आदेश बहुधा फार थोडक्यात असतो: अमुक निशाणीवरील पुरशिसीप्रमाणे दावा मंजूर, पुरशिस हुकूमनाम्याचा भाग समजावी. (निशाणी म्हणजे दाव्यात दाखल झालेल्या कागदाला न्यायालयात पडणारा क्रमांक.) कोणाच्या वाट्याला कोणता गट, विहिरीचे पाणी कोणी किती पाळ्या घ्यावयाचे, बांधावरून रस्ता कोणाला, हा सारा तपशील पुरशिसीत आणि तिच्या सोबतच्या हातनकाशात असतो. म्हणजे आदेशाची प्रत हाती आली तरी वाटप हाती येत नाही. महसुली कार्यालयात ती प्रत ठेवली की पहिला प्रश्न येतो तो ‘पुरशिस कोठे आहे?’ हाच, आणि तो प्रश्न योग्यच असतो.

वकिलांमार्फत अर्ज केला तेव्हा हीच अडचण निराळ्या रूपाने पुढे आली. आम्ही ज्यांच्याकडे काम सोपवले होते त्यांच्या कार्यालयातून सवयीप्रमाणे ‘न्यायनिर्णय व हुकूमनामा’ यांच्या नकलांचा अर्ज गेला. त्या नकला मिळाल्या, त्यांवर शिक्का होता, सही होती, पण पुरशिस नव्हती. पुन्हा अर्ज गेला तो ‘तडजोड पुरशिसीची नक्कल मिळावी’ असा, आणि निशाणी क्रमांक लिहिलेला नसल्यामुळे त्यात त्रुटी निघाली. त्रुटी निघालेल्या अर्जांची यादी नक्कल विभागाच्या फलकावर लागते, परंतु ती पाहण्यास कोणी गेले नाही, म्हणून अर्ज पडून आहे हेच आम्हाला बराच काळ कळले नाही. यात कोणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. चालू प्रकरणांच्या धावपळीत जुन्या दाव्याच्या एका नकलेकडे लक्ष राहणे कठीण असते, हे मान्य करावे लागते. तरीही जो कागद नेमका कोणता हे रेकॉर्ड उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, तो मागण्याचे काम रेकॉर्ड न पाहिलेल्या माणसाकडे सोपवले की असे होणारच, या निष्कर्षावर मी तेव्हा आलो आणि आजही तो मला बरोबर वाटतो.

माहितीच्या अधिकाराचा सल्ला आजूबाजूचे लोक फार सहजपणे देतात, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात असा निर्णय दिला की, न्यायालयीन अभिलेखांच्या नकला मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नियमांत स्वतंत्र व्यवस्था असताना त्यांसाठी माहिती अधिकार कायद्याचा आधार घेता येणार नाही, अर्जदाराने त्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा. त्यामुळे दाव्यातील पुरशिस किंवा साक्षीची प्रत या मार्गाने मागितली तर नकार येण्याचीच शक्यता अधिक. तीस दिवस त्या उत्तराची वाट पाहण्यात घालवू नयेत, असे माझे मत आहे. न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूची माहिती हवी असल्यास, उदाहरणार्थ एखाद्या वर्षाचे अभिलेख नष्ट केले गेले आहेत काय हे विचारावयाचे असल्यास, या कायद्याचा उपयोग करून पाहता येईल.

आता स्वतः अर्ज करण्याविषयी. या मार्गात जावे लागते, थांबावे लागते, आणि पहिल्या भेटीत काम पूर्ण होईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रथम रेकॉर्ड कोठे आहे हे विचारावे. तालुक्याच्या न्यायालयातील निकाली प्रकरणे काही काळाने जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जातात. अपील झाले असेल तर ‘आर अँड पी’ (रेकॉर्ड अँड प्रोसीडिंग्ज, म्हणजे दाव्याचे मूळ कागद) वरच्या न्यायालयाने मागवलेले असू शकतात आणि मग नक्कल तेथूनच घ्यावी लागते. तडजोडीच्या हुकूमनाम्याविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६(३) प्रमाणे अपील चालत नसल्यामुळे अशा दाव्याचे रेकॉर्ड अपिलात अडकलेले असण्याचा संभव कमी, ही आमच्यासारख्यांच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. क्रमांक ठाऊक नसल्यास, पण वर्ष आणि पक्षकारांची नावे ठाऊक असल्यास, दाव्यांच्या नोंदवहीतून तो काढून मिळावा म्हणून विनंती करता येते. तेथे काम करणारे जुने कर्मचारी ज्या धीराने पाने उलटून शोध घेतात, तो धीर मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

रेकॉर्ड सापडले की नकलेचा अर्ज लगेच देऊ नये, आधी तपासणीचा अर्ज द्यावा. मला सर्वाधिक उपयोग झाला तो या पायरीचा, आणि इतर कोणत्याही मार्गात ती सहसा घेतली जात नाही. पक्षकाराला किंवा त्याच्या वारसाला परवानगी मिळाली की कर्मचाऱ्यासमोर बसून दप्तर पाहता येते. रोजनामा, म्हणजे तारखेनिहाय कामकाजाची नोंद, वरून खाली वाचत गेले म्हणजे कोणत्या तारखेला काय दाखल झाले आणि त्याला कोणता निशाणी क्रमांक पडला, हे एकेक करून उलगडते. आमच्या दप्तरात पुरशिस एका निशाणीला होती आणि नकाशा स्वतंत्र कागद म्हणून जोडलेला होता. पुढे झालेल्या एका दुरुस्तीच्या अर्जावरील आदेशाने दोन गट क्रमांक बदलले होते, ही गोष्ट घरात कोणालाही आठवत नव्हती. तो आदेश नसता तर मिळालेली नक्कल शिक्क्यासह खरी असूनही फेरफाराच्या वेळी अपुरी ठरली असती. अशी सूक्ष्म बाब संकेतस्थळावर दिसण्याची शक्यता मला कमी वाटते, आणि दुसऱ्याच्या हातून अर्ज करताना तर ती कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नसते.

तपासणीनंतर अर्ज लिहिणे सोपे होते. दाव्याचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि प्रत्येक कागदाचा निशाणी क्रमांक लिहावा, कोर्ट फी तिकीट लावावे, सांगितलेली अनामत भरून पावती जपावी. दाव्यात पक्षकार नसलेल्या व्यक्तीला नक्कल कशासाठी हवी हे सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते आणि त्यावर न्यायालयाचा आदेश व्हावा लागतो. मूळ पक्षकार हयात नसल्यास वारस असल्याचा पुरावा सोबत न्यावा. ज्या न्यायालयांत ई-सेवा केंद्र आहे तेथे या अर्जासाठी मदत मिळते. वयस्कर व्यक्तींनी तिचा लाभ अवश्य घ्यावा.

खर्चाच्या बाबतीत स्वतःचा अर्ज आणि वकिलांमार्फतचा अर्ज यांत सरकारी शुल्काचा फरक नाही. फरक वकिलांच्या मोबदल्याचा आणि आपल्या वेळेचा आहे. जो परगावी किंवा परदेशी राहतो, ज्याला वारंवार तालुक्याला येणे शक्य नाही, त्याने वकीलच गाठावेत, परंतु त्यांना ‘आधी तपासणी, मग अर्ज’ अशी लेखी विनंती करावी आणि निशाण्यांची यादी मागवून ती स्वतः वाचावी. दावा अजून प्रलंबित असेल, किंवा अपिलाची मुदत चालू असेल, तरही मी वकिलांकडेच जाण्यास सांगेन. मुदत अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यास लागलेला आवश्यक काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्याचा हिशेब नकलेवरील तारखांवरून होतो आणि तो जाणकाराने करणे सुरक्षित असते. निकाली निघालेला, तडजोडीचा, मिळकतीचा दावा आणि गावापासून गाठता येण्याजोगे न्यायालय, अशी स्थिती असेल तर मात्र मी संकेतस्थळावर क्रमांक शोधून पुढचे काम स्वतः करण्याच्या बाजूने आहे.

नक्कल घेताना खिडकीपाशीच ती वाचून पाहावी. पानांचा क्रम, प्रत्येक कागदावरील निशाणी, नकाशातील गट क्रमांक, शेवटच्या पानावरील सही व शिक्का, आणि अर्ज दिल्याची, नक्कल तयार झाल्याची व प्रत्यक्ष दिल्याची तारीख तपासल्यावरच पोचवहीत सही करावी. फेरफारासाठी मूळ नक्कल द्यावी लागण्याची शक्यता गृहीत धरून सुरुवातीलाच दोन प्रती मागाव्यात, कारण दुसरी प्रत नंतर काढावयाची तर अर्जापासून सारे पुन्हा करावे लागते.